किल्लीचे फूल आणि त्याचा हिशेब

क्रोशाचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाराचे तोरण येते, तांब्यावर झाकायचा मणी लावलेला रुमाल येतो, नाही तर ताटाभोवती मांडायची महिरप येते. ही सगळी कामे लांबणीची. नवशिकी मुलगी हौसेने तोरण हाती घेते, चार बोटे विणून होते, आणि मग ते पेटीत जाऊन पडते ते पुढच्या दिवाळीपर्यंत. म्हणून आज जी वस्तू सांगायची आहे ती दोन बोटांवर मावेल एवढीच आहे : किल्लीच्या कड्याला अडकवायचे पाच पाकळ्यांचे फूल. एका बैठकीत पुरे होते, आणि क्रोशाचे मुख्य टाके त्यात येऊन जातात.

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेतला, अर्थ लहान आकडी. सगळे काम त्या एका आकडीचे. मोजे, बनियन, स्वेटर यंत्रावर विणले जातात, पण खऱ्या क्रोशाचे विणकाम करणारे यंत्र कारखान्यात अजून रुळलेले नाही. ‘क्रोशाचे’ म्हणून बाजारात जे स्वस्त कापड मिळते ते बहुधा दुसऱ्याच विणीचे असते, नुसते तसे दिसते. खरे क्रोशाचे फूल जिथे दिसेल तिथे ते कुणाच्या तरी हातांनी केलेले आहे असे खुशाल समजावे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे दराच्या वेळी ती उपयोगी पडणार आहे.

साहित्य थोडे आहे. अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई, मध्यम जाडीचा सुती दोरा दोन रंगांचा, मोठ्या नेढ्याची एक सुई, कात्री, आणि किल्लीचे पोलादी कडे. लोकर मऊ असते, हाताला बरी वाटते, पण किल्ल्यांशी घासून ती पिंजारते आणि ओढून ओढून लांबते. फूल खिशात, पिशवीत, मोटारसायकलीला दिवसभर लोंबकळणार. त्याला सूतच बरे.

आता टाके. साखळी सर्वांना येते : सुईवरच्या फासातून दोरा ओढून घेतला की एक साखळी झाली. जोडटाका म्हणजे सुई विणीत घालून दोरा आणायचा तो विणीतून आणि सुईवरच्या फासातून एकदमच बाहेर काढायचा. आखूड खांबाला सुई विणीत घालून दोरा ओढला की सुईवर दोन फास होतात. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्हींतून काढावा. लांब खांबाला आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग सुई विणीत घालून दोरा ओढायचा. सुईवर तीन फास झाले. दोरा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा. नावे गावोगाव वेगळी आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांत तर मोठाच घोळ आहे. अमेरिकेत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात त्यालाच इंग्लंडात ‘डबल क्रोशे’ म्हणतात. पुस्तकावरून किंवा मोबाइलवर पाहून शिकवणाऱ्या शिक्षिकांनी ते कोणत्या देशाचे आहे हे आधी पाहावे, म्हणजे वर्गातली निम्मी फुले बुटकी होणार नाहीत.

आकाशवाणीवरून टाका दाखवता येत नाही, तो शब्दांनीच सांगावा लागतो. तेव्हा सुई-दोरा हातात घेऊनच पुढचे वाचावे.

पिवळ्या दोऱ्याने ४ साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीत जोडटाका घेऊन त्यांचे वेटोळे करा. १ साखळी उंचीसाठी घ्या; ती मोजायची नाही. आता सुई वेटोळ्याच्या पोटात घालून १० आखूड खांब घ्या. दोऱ्याचे सुरुवातीचे टोक वेटोळ्यालगत धरून त्याच्यावरूनच खांब घालावेत, म्हणजे ते आपोआप आत लपते. पहिल्या खांबाच्या डोक्यावर जोडटाका घेऊन फेरी बंद करा, वीतभर टोक ठेवून दोरा कापा आणि शेवटच्या फासातून ओढून घ्या. हे झाले फुलाचे केसर.

पाकळी दोन खांबांवर बसते. खांबाच्या डोक्यावर साखळीसारख्या दोन दोऱ्या दिसतात, सुई त्या दोन्हींच्या खालून घालायची. दुसऱ्या रंगाचा दोरा कोणत्याही एका खांबावर जोडटाक्याने जोडा, २ साखळ्या घ्या, आणि त्याच जागी २ लांब खांब घाला. शेजारच्या खांबावर आणखी २ लांब खांब, मग २ साखळ्या, आणि त्याच जागी जोडटाका. एक पाकळी झाली. लगेच पुढच्या खांबावर जोडटाका घेऊन दुसरी सुरू करा. १० खांबांवर बरोबर पाच पाकळ्या होतात. चार झाल्या आणि एक खांब उरला, तर दोष पाकळीचा नसतो, केसरात ९ च खांब पडलेले असतात. मुलींना हे उसवूनच शिकू द्यावे. क्रोशात सुईवर काम करणारा फास एकच असतो, त्यामुळे उसवणे अगदी सोपे, आणि उसवलेला दोरा वाया जात नाही.

शिक्षकांसाठी या मोजणीत आणखी गंमत आहे. आखूड खांबांची सपाट चकती करायची तर पहिल्या फेरीत ६ खांब, मग १२, मग १८, मग २४ : दर फेरीला ६ वाढतात. वाढ कमी पडली तर चकतीची वाटी होते. जास्त झाली तर कडेला झालर येते, मक्याच्या पानाच्या कडेसारखी. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो हे फळ्यावर सांगून जे मुलांच्या डोक्यात शिरत नाही, ते वाटी झालेली चकती हातात दिली की शिरते. हे नुसते खेळणे नव्हे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणिताच्या प्राध्यापिकेने १९९७ साली हीच झालर मुद्दाम वाढवत नेऊन, ज्या भूमितीत एका रेषेला बाहेरच्या बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात, त्या भूमितीचे पृष्ठ क्रोशाने विणून दाखवले. कागदाचे असले नमुने हाताळताना फाटत, विणलेले टिकले. आपल्या शाळेत कार्यानुभवाचा तास आणि गणिताचा तास शेजारी शेजारी ठेवता आले तर पाहावे. मुलगेही बसवावेत, मोजणी त्यांनाही लागतेच. वर्गात कोणी डावखुरे मूल असेल तर त्याला शेजारी न बसवता समोर बसवावे, म्हणजे आपला उजवा हात त्याला आरशासारखा दिसतो.

किल्लीला एकेरी फूल चुरगळते, म्हणून तशीच दोन फुले करायची. दुसऱ्याचे शेवटचे टोक हातभर लांब ठेवा. पाठीला पाठ लावून पाकळ्या जुळवा आणि त्याच टोकाने कडेकडेने शिवून घ्या. उरलेली टोके नेढ्याच्या सुईत ओवून विणीच्या आतून आधी एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला न्यावीत आणि मगच कापावीत. बाजारच्या फुलांची अब्रू इथेच जाते. नुसती गाठ मारून कापलेले टोक आठ दिवसांत बाहेर डोकावते, पोर ते ओढते आणि फूल उसवते. शेवटी एका पाकळीच्या टोकाला दोरा जोडून १२ साखळ्या घाला, त्या पोलादी कड्यातून ओवा, पुन्हा त्याच जागी जोडटाका घ्या, आणि या फासावरून दाट आखूड खांब भरून टाका. नुसती साखळी ताणते, खांब भरलेला फास ताणत नाही. पाकळ्या मुरडल्या असतील तर ओले फडके ठेवून इस्त्री फिरवावी.

आता दुसरा हिशेब. पुष्कळ बचतगटांतल्या भगिनी अशी फुले करून जत्रेत, प्रदर्शनात मांडतात, आणि भाव विचारला की दोऱ्याची किंमत मनात धरून काहीतरी सांगून मोकळ्या होतात. “रिकाम्या वेळात केलंय, त्याचे कसले पैसे?” हे वाक्य मी बाजारात अनेकदा ऐकले आहे. समजा, फुलाला ४० रुपये मिळाले. दोरा आणि कडे यांचे १० गेले, उरले ३०. बसलेल्या हातालाही दुहेरी फुलाला पाऊण तास लागतो. म्हणजे तासाला ४० रुपये, आणि आठ तास मान खाली घालून बसले तर ३२०. तेवढा वेळ कुणाची बोटे आणि डोळे रोज टिकतील? तो आकडा आपल्या गावच्या खुरपणीच्या रोजाशेजारी ठेवून पाहा. भाव २५ सांगितला तर काय उरते, तेही याच रीतीने काढा.

हा रिकामा वेळ फसवा असतो, याचे मोठे उदाहरण आपल्या त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या मुलखात आहे. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या आसपास एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची जाळी विणायला शिकवली, आणि पुढे तो परदेशी माल पाठवणारा मोठा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन विदुषीने तिथल्या विणकरणींवर १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बाया कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ एवढीच त्यांची ओळख, आणि त्या आधारावर नगामागे अगदी तुटपुंजी मजुरी. माल जगभर जाई, नफा व्यापाऱ्याकडे राही. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडून दुष्काळ पडला, तेव्हा असल्याच क्रोशाच्या गुलाबांनी पुष्कळ कुटुंबांच्या पोटाला आधार दिला. तेच काम, तोच टाका. पण हातात पैसा किती पडतो हे टाक्यावर ठरत नाही.

गटाने काम घ्यायचे तर आयर्लंडातल्या बाया करीत तसे वाटून घ्यावे : कोणी नुसती फुले करावी, कोणी जोडावी. वीस फुलांची मागणी असेल तर आधी चाळीस केसर, मग पाकळ्या, मग शिवण. दर वेळी दोरा बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. पहिल्या पाच फुलांना किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून वहीत टिपावे, टोके लपवण्याची मिनिटे धरून. ती वही विक्रीच्या टेबलावर जवळ ठेवावी, आणि गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की तीच उघडून दाखवावी.