तुर्की स्वरांची नावे

बुलढाणा जिल्ह्यातल्या भजनी मंडळात पेटीवाल्याने ‘काळी एक’ धरली की सा तिथे. ‘काळी दोन’ धरली तरी सा तो साच, वरच्या सप्तकातही. तुर्की परंपरेत तसे नाही. रास्त, दुगाह, सेगाह, चारगाह, नेवा, हुसेनी अशी नावे. आणि सप्तक बदलले की नावही बदलते. वरचा रास्त म्हणजे गेर्दानिये, वरचा दुगाह मुहय्यर. पाठांतर दुप्पट, पण फारसी अंक मदतीला येतात: दुगाह दुसरे स्थान, सेगाह तिसरे, चारगाह चौथे. रास्तला सा मानले, तर सेगाह पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा किंचित उतरलेला लागतो. म्हणून नावे नुसती घोकू नका. रास्त याच नावाच्या मकामातल्या, म्हणजे रागासारख्या स्वरचौकटीतल्या, रचना ऐकत, गळ्यातून काढत शिका.