लिंक्ड लिस्ट : ‘सी’मधून ‘रस्ट’मध्ये

प्रत्येक नोंदीत एक मूल्य आणि पुढच्या नोंदीचा पत्ता, एवढीच ही रचना. नेवेल, शॉ आणि सायमन यांनी ती १९५५-५६च्या सुमारास विकसित केली. ‘सी’मध्ये ती चार ओळींत मावते : एक स्ट्रक्ट, त्यात एक पूर्णांक आणि एक पॉइंटर. यादी संपली की नल. जागा ‘मॅलॉक’ने मागायची, ‘फ्री’ने परत करायची. परत करायला विसरलात, तरी कंपायलर अडवत नाही.

‘रस्ट’मध्ये (आवृत्ती १.०, २०१५) नोंदीच्या आत थेट पुढची नोंद लिहिली, तर कंपायलर लगेच नकार देतो. नोंदीत नोंद, तिच्यात आणखी नोंद. मग आकार ठरणार कसा? म्हणून पुढची नोंद ‘बॉक्स’मध्ये ठेवायची. ती हीपवर जाते, हाताशी फक्त पत्ता उरतो. नलच्या जागी ‘ऑप्शन’ येतो : पुढे ‘सम’ आहे की ‘नन’, हे तपासल्याशिवाय आतल्या नोंदीला हात लावता येत नाही. या भाषांतरातली सर्वांत देखणी गोष्ट अशी, की ‘ऑप्शन’ आणि ‘बॉक्स’ मिळून साध्या पॉइंटरइतकीच जागा घेतात. सुरक्षिततेसाठी एक बाइटही जास्त मोजावा लागत नाही.

‘फ्री’ लिहावा लागत नाही. नोंद ज्याच्या ताब्यात असते तो मालक व्याप्तीबाहेर गेला की स्मृती आपोआप मोकळी होते. मात्र यादी लाखो नोंदींची असेल, तर ही साफसफाई रिकर्शनने होत असल्याने स्टॅक भरून प्रोग्राम कोसळू शकतो. तिथे ‘ड्रॉप’ स्वतः, लूप वापरून लिहावा. दुहेरी यादीत मात्र एका नोंदीकडे दोन बाजूंनी बोट असते; एकच मालक मानणारा ‘बॉक्स’ तिथे पुरत नाही, सहसा सामायिक मालकीसाठी ‘आरसी’, आतले मूल्य बदलता यावे म्हणून ‘रेफसेल’ आणि मागच्या दुव्यासाठी ‘वीक’ घेतात.