बॅट न धरताच बाद

गेल्या वर्षी तालुका स्पर्धेला आमच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ मी घेऊन गेले. मी शिकवते उर्दू आणि मराठी, पण क्रीडाशिक्षक रजेवर होते. घरात सगळे क्रिकेटवाले. बॅट-बॉलचाच खेळ आहे, जमेल, असं वाटलं. तिथेच फसले.

शेवटचा डाव. दोघी बाद, तिसऱ्या बेसवर आमची एक मुलगी, बरोबरीला एक धाव हवी. पाळी सहाव्या क्रमांकाच्या मुलीची होती, पण तिचे हात थरथरत होते. मी तिला थांबवलं आणि सातव्या क्रमांकाच्या मुलीला पाठवलं. क्रिकेटमध्ये कर्णधार हे नेहमीच करतो! तिने चेंडू जोरात मारला, धाव आली, मुली नाचू लागल्या. एवढ्यात समोरच्या संघाच्या सरांनी पंचांना यादी बघायला लावली. धाव रद्द झाली आणि बाद दिलं ते त्या थांबवलेल्या मुलीला. सामना संपला.

तिची अम्मी मैदानाच्या कडेला बसली होती. "आपा, माझी मुलगी खेळलीच नाही, मग आऊट कशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी नियमांचं पुस्तक मिळवून वाचलं.

सॉफ्टबॉलमध्ये सामन्याआधी पंचांकडे दिलेल्या यादीतला फलंदाजीचा क्रम शेवटपर्यंत बांधलेला असतो. नवा डाव सुरू झाला तरी पुन्हा पहिलीपासून मोजायचं नाही. मागच्या डावात जिथे थांबलो तिथून पुढे. म्हणजे कच्च्या मुलीला लपवता येत नाही, तिची पाळी येणारच. ती पाळी मी गिळली, म्हणून ती तिच्या नावावर बाद म्हणून लिहिली गेली. मारणारीवर ठपका नाही. दोघी आधीच बाद नसत्या, तर नियमाने पुढची फलंदाज पुन्हा तीच सातव्या क्रमांकाची मुलगी असती.

यात वेळेला फार किंमत आहे. चुकीची मुलगी अजून खेळत असतानाच चूक लक्षात आली, तर योग्य मुलीने जाऊन तोच बॉल-स्ट्राइकचा हिशेब पुढे चालवायचा. कोणी बाद नाही. आणि पुढच्या फलंदाजाला एक चेंडू टाकला गेला की समोरच्यांची तक्रार करायची संधी गेली, धाव कायम.

बदली खेळाडूचा नियम मात्र मला क्रिकेटपेक्षा दयाळू वाटला. सुरुवातीच्या यादीतली मुलगी बाहेर गेली, तरी एकदा परत येऊ शकते. अट एवढीच, की फलंदाजीच्या क्रमात तिची जागा तीच राहील आणि पंचांना आधी सांगायचं. २७ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानने हेच केलं. ३९ वर्षांची पिचर युकिको उएनो सहाव्या डावात बाहेर गेली, मिऊ गोतोने तो डाव सांभाळला आणि सातव्या, शेवटच्या डावात उएनो परत आली. जपानने अमेरिकेला २-० ने हरवलं. आणि आमच्याकडे? त्याच तालुका सामन्यात गुडघा खरचटलेली आमची मुलगी दोन डावांनंतर "मी ठीक आहे आपा" म्हणत होती आणि मी तिला सांगत होते, "एकदा बसलीस, आता बसच."

दहावं नाव लिहायचीही सोय असते. दहाव्या नावाच्या खेळाडूला फ्लेक्स म्हणतात. ती क्षेत्ररक्षण करते, बहुधा पिचरच असते, आणि तिच्याऐवजी डीपी नावाची खेळाडू फलंदाजी करते. शाळेच्या संघाने आधी नऊ नावं नीट सांभाळावीत, मग याच्या वाटेला जावं.

त्या अम्मीला मी घरी जाऊन सगळं समजावलं, चूक माझी होती हेही सांगितलं. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "यंदा हिला कितवी ठेवणार?" सहावीच ठेवली आहे. यादी आता तीच लिहिते.