दुर्बिणीच्या पट्टीचे चार स्क्रू

रायफलवर दुर्बीण थेट बसत नाही. बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो आणि ज्याच्या तोंडाशी नळी आट्यांनी बसवलेली असते, त्या पोलादी रिसीव्हरवर आधी एक धातूची पट्टी बसते. पट्टीवर कड्या आणि कड्यांत दुर्बीण. कड्या दणकट दिसतात, दुर्बीण महाग असते, आणि या सगळ्याचा भार मात्र पट्टीखालच्या साडेतीन-चार मिलिमीटर जाडीच्या, बहुधा चारच स्क्रूंवर असतो. त्यांची निवड चुकली, तर वरच्या सामानाच्या किमतीला अर्थ उरत नाही.

चूक किती लहान पुरते, हे साध्या गणिताने कळते. समजा, पट्टीची पुढची-मागची भोके १३० मिलिमीटर अंतरावर आहेत आणि एक टोक ०.०५ मिलिमीटरने, म्हणजे कागदाच्या जाडीहूनही कमी, उचलले गेले. नेमाची रेषा तेवढ्याने १०० मीटरवर सुमारे ३८ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ११५ मिलिमीटर सरकते. डोळ्याला पट्टीत काहीच फरक दिसत नाही, गोळ्या मात्र भलतीकडे लागतात.

पट्टी कुठून आली

या पट्ट्यांचे आजचे रूप मुख्यतः अमेरिकेत घडले. डब्ल्यू. आर. वीव्हर यांनी १९३० मध्ये स्वस्त दुर्बिणी बनवायला सुरुवात केली आणि पुढे टेक्सासमधील एल पासो येथे त्यांचा कारखाना होता. आडव्या खाचा असलेली वीव्हर पट्टी त्यांच्याच नावाची. तिच्या खाचेची रुंदी ०.१८० इंच असते. न्यू जर्सीतील पिकॅटिनी आर्सेनल या लष्करी संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पट्टीचे मानक फेब्रुवारी १९९५ मध्ये ठरले. मिल-एसटीडी-१९१३ असे त्याचे नाव. त्यात खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते आणि खाचा एकमेकींपासून १०.०१ मिलिमीटर अंतराने येतात.

पट्टीच्या वरच्या बाजूचे मानक असे ठरले, खालची बाजू मात्र प्रत्येक रायफलच्या घडणीप्रमाणे वेगळी राहिली. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या रिसीव्हरला कारखान्यातूनच आटे पाडलेली चार भोके मिळू लागली: दोन पुढे, दोन मागे. पुढे अनेक कंपन्यांनी याच रिसीव्हरचा आकार उचलला, त्यामुळे स्क्रूंची चर्चा बहुतेक वेळा याच नमुन्यावर होते. काही रायफलींना असे स्क्रू लागतच नाहीत. रुगर एम७७ च्या रिसीव्हरवर कड्यांची बैठक अंगचीच कोरलेली असते.

स्क्रूचे खरे काम

गोळी सुटली की रायफल मागे येते आणि दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते. साधारण ४ किलोच्या .३०८ रायफलचा मागे येण्याचा वेग सेकंदाला ३ मीटरच्या घरात जातो. पट्टीवर कड्यांसह ७०० ग्रॅमची दुर्बीण असेल आणि हा वेग दीड मिलिसेकंदात आला असे धरले, तर पट्टीला दुर्बिणीवर सरासरी १,४०० न्यूटन, म्हणजे सुमारे १४० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. क्षणिक कमाल जोर याहून जास्त असतो.

हा जोर स्क्रूच्या दांड्याने आडवा अडवायचा असतो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. भोक स्क्रूपेक्षा थोडे मोठेच असते, त्यामुळे पट्टी घसरून स्क्रूवर आदळेपर्यंत नेम आधीच बिघडलेला असतो. स्क्रूचे काम पट्टी रिसीव्हरवर इतक्या जोराने दाबून धरणे, की दोन्ही पृष्ठभागांतले घर्षणच तिला हलू देणार नाही. स्क्रू कापला गेलेला सापडला, तर बहुतेक वेळा तो आधी ढिला झालेला असतो.

आटे, लांबी, डोके, धातू आणि आवळण्याचा जोर या पाचही गोष्टी याच एका कसोटीवर तपासायच्या: या स्क्रूने पट्टी पुरेशी दाबली जाते का?

आटे

अमेरिकी रायफलींवर दोन मापे नेहमीची: ६-४८ आणि ८-४०. पहिला आकडा जाडीचा क्रमांक, दुसरा एका इंचातल्या आट्यांची संख्या. जाडी काढायचे सूत्र सोपे आहे: क्रमांकाला ०.०१३ ने गुणून ०.०६० मिळवले की इंचांत व्यास येतो. त्यामुळे ६ क्रमांकाचा स्क्रू ०.१३८ इंच, म्हणजे ३.५ मिलिमीटर, आणि ८ क्रमांकाचा ०.१६४ इंच, म्हणजे ४.१७ मिलिमीटर.

अडचण दुसऱ्या आकड्यात आहे. बाजारातल्या ६ क्रमांकाच्या स्क्रूला इंचात ३२ किंवा ४० आटे असतात, ८ क्रमांकाच्या स्क्रूला ३२ किंवा ३६. ६-४८ आणि ८-४० ही बारीक आट्यांची मापे बंदूक-कारागिरांच्या कामातली. रिसीव्हरची भिंत पातळ असल्यामुळे थोड्या खोलीत जास्त आटे बसवायला ती सोयीची पडतात. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला ‘सहा नंबरचा’ स्क्रू रायफलला चालत नाही. ६-४० चा स्क्रू ६-४८ च्या भोकात एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि बळ लावले की भोकातले आटे खातो. मेट्रिक एम३.५ स्क्रूचेही तेच: व्यास जवळपास सारखा, पण आट्यांचे अंतर ०.६ मिलिमीटर, तर ६-४८ चे ०.५३. ओळख पटवायला आटे मोजण्याचे पाते, म्हणजे थ्रेड गेज, लावावे. योग्य स्क्रू बोटांनीच शेवटपर्यंत फिरतो.

लांबी

सर्वाधिक घोटाळे लांबीत होतात. पोलादाच्या भोकात किमान व्यासाइतके आटे गुंतावेत, असा सामान्य नियम आहे. ६-४८ साठी ही खोली साडेतीन मिलिमीटर, म्हणजे साडेसहा फेरे. रिसीव्हरच्या पातळ भिंतीत कधी कधी तेवढी जागा नसते. मग असेल ती सगळी खोली वापरावी लागते.

स्क्रू आखूड असेल तर आवळताना आटे निघून येतात. लांब असेल तर घात वेगळ्या तऱ्हेने होतो. पुढच्या भागातले भोक बहुतेक रायफलींत नळीच्या आट्यांवर किंवा बोल्टच्या लगांच्या, म्हणजे बोल्ट बंद करून अडकवणाऱ्या कानांच्या, जागेवर उघडते. लांब स्क्रू तिथे टेकतो, पाना अडतो, आवळल्यासारखे वाटते, आणि पट्टी मात्र दाबलीच गेलेली नसते. लगांच्या जागेत टोक डोकावले, तर बोल्ट जड चालतो किंवा बंदच होत नाही. मागच्या भोकातून आलेले टोक बोल्टच्या अंगावर चकचकीत ओरखडा उमटवते.

म्हणून प्रत्येक भोकाची वेगळी मोजणी लागते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढायचा. व्हर्नियरच्या मागच्या काडीने भोकाची खोली मोजायची. मग पट्टीत स्क्रू घालून खाली किती टोक बाहेर येते ते मोजायचे. बंद भोकात हे टोक खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर, म्हणजे साधारण एक फेरा, कमी असावे. आरपार भोकात ते आतल्या पृष्ठभागाच्या किंचित अलीकडे थांबावे. पट्टीबरोबर येणारे चारही स्क्रू नेहमी एकाच लांबीचे नसतात, त्यामुळे कोणता पुढचा आणि कोणता मागचा हे आधीच वेगळे काढून ठेवणे बरे.

लांब स्क्रू आखूड करता येतो. त्यावर त्याच आट्यांची नट चढवायची, टोक कानसायचे आणि मग नट उलटी फिरवून काढायची, म्हणजे कापलेल्या टोकाचे आटे आपोआप साफ होतात. टोक तापून निळे पडू देऊ नये. धातूची कठीणता त्याने जाते.

डोके

डोक्याची खालची बाजू पट्टीतल्या बैठकीला जुळली पाहिजे. सपाट तळाच्या बैठकीला सपाट डोके, निमुळत्या बैठकीला निमुळते. निमुळते डोके सपाट भोकात घातले, तर ते फक्त कडेवर टेकते. पहिल्या काही फैरींत ती कड दबते आणि पकड सैल होते. डोके खाचेच्या वर आले, तर कडी नीट बसत नाही.

पाना बसण्याच्या खाचेतही फरक आहे. जुन्या स्क्रूंना एकच सरळ चीर असे. तिच्यातून पेचकस निसटतो आणि पट्टीवर ओरखडा पडतो. षट्कोनी ॲलन खाच बरी, पण एवढ्या लहान डोक्यात ती उथळ असते आणि कोपरे झिजतात. अमेरिकेतील कॅमकार टेक्स्ट्रॉन कंपनीने १९६७ मध्ये आणलेली सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच आता बहुतेक पट्ट्यांना येते. तिचे नेहमीचे माप टी-१५. जोर सहा जागी वाटला जात असल्याने पाना निसटत नाही.

धातू

अमेरिकेत मिश्रपोलादी सॉकेट स्क्रूंसाठी एएसटीएम ए५७४ हे मानक आहे आणि लहान मापांसाठी त्यातली ताणशक्ती चौरस इंचाला १,८०,००० पाउंड, म्हणजे सुमारे १,२४० मेगापास्कल ठरलेली आहे. साध्या १८-८ वर्गाच्या स्टेनलेस स्क्रूंची नेहमीची श्रेणी ७०० मेगापास्कलची आणि ते ४५० च्या आसपासच कायमचे ताणले जाऊ लागतात.

६-४८ चा स्क्रू २० इंच-पाउंडांनी, म्हणजे २.२६ न्यूटन-मीटरने आवळला की त्यात सुमारे ३,२०० न्यूटनचा ताण येतो. आट्यांचा भार घेणारा त्याचा छेद ७ चौरस मिलिमीटर, म्हणजे छेदावरचा ताण सुमारे ४५७ मेगापास्कल. मिश्रपोलाद हे सहज सोसते, स्टेनलेस मात्र मर्यादेवर येऊन ठेपते. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना चिकटून सहज खरडले जातात. दमट हवेत गंज टाळायचा असेल, तर काळा थर दिलेला मिश्रपोलादी स्क्रू घेऊन त्याच्या डोक्यावर तेलाचा पातळ हात फिरवणे जास्त सुरक्षित.

आवळणे

वरच्या हिशेबातल्या २० इंच-पाउंडांवर ६-४८ च्या चार स्क्रूंचा मिळून दाब सुमारे १२,९०० न्यूटन होतो. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर पट्टी साधारण १,९०० न्यूटनपर्यंत घसरणार नाही. वर काढलेल्या १,४०० न्यूटनांपेक्षा हे जास्त आहे, पण फार नाही. हेच स्क्रू १५ इंच-पाउंडांवर ठेवले, तर पकड १,४५० पर्यंत उतरते आणि काही शिल्लक उरत नाही. रिसीव्हरवर तेल राहिले, तर गुणांकच घसरतो. म्हणून पट्टी बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग, भोके आणि स्क्रू ॲसिटोनने पुसून कोरडे करतात.

सामान्यतः ६-४८ साठी १५ ते २० आणि ८-४० साठी २० ते २८ इंच-पाउंड सांगतात. पट्टीच्या निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल, तर तोच पाळायचा. अंदाजाने एवढा बारीक फरक हाताला कळत नाही, टॉर्क दाखवणारा पेचकसच लागतो. इंच-पाउंड आणि फूट-पाउंड यांची गल्लत केली, तर जोर बारापट होतो आणि स्क्रू तुटतो.

आवळण्याआधी एक चाचणी करतात. फक्त पुढचे दोन स्क्रू हलके आवळून मागचे टोक पाहायचे. ते रिसीव्हरपासून वर उचललेले दिसले, तर पट्टी आणि रिसीव्हर यांचा मेळ नाही. चार स्क्रूंच्या जोरावर ओढून बसवली, तर पट्टी वाकते आणि तिच्यावरची दुर्बीणही. ही फट एपॉक्सी भरून काढायची असते, स्क्रूने ओढून नव्हे. त्यानंतर चारही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे करून अंतिम आकड्यापर्यंत न्यायचे.

आटे धरून ठेवणारा द्रव

ढिले होणे टाळायला आट्यांवर लॉकटाइट लावतात. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये हा द्रव तयार केला. हवा नसलेल्या आणि धातूचा स्पर्श असलेल्या जागीच तो घट्ट होतो. लहान स्क्रूंना जांभळा २२२ किंवा निळा २४३ पुरतो. लाल २७१ काढायला २५० अंशांच्या आसपास तापवावे लागते, म्हणून तो इथे नको. थेंबभर पुरे. बंद भोकात जास्त झाला, तर द्रव तळाशी अडकून स्क्रूला खाली येऊ देत नाही. आरपार भोकातून तो बोल्टच्या वाटेत उतरतो. ओला असताना तो वंगणासारखाही वागतो, त्यामुळे त्याच टॉर्कवर ताण वाढतो. निर्मात्याचा आकडा कोरड्या आट्यांचा की ओल्या, हे पाहावे. पूर्ण घट्ट व्हायला २४ तास द्यायचे.

६-४८ की ८-४०

८-४० चा भार घेणारा छेद ९.९ चौरस मिलिमीटर, म्हणजे ६-४८ पेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त. २८ इंच-पाउंडांवर चार स्क्रूंची घर्षणाची पकड २,२०० न्यूटनांच्या पुढे जाते. जड दुर्बीण किंवा .३७५ सारखे दणकट काडतूस असेल, तर हा फरक उपयोगी पडतो. .२२ रिमफायरला त्याची गरज नाही. ६-४८ ची जुनी भोके ८-४० साठी मोठी करताना आणखी एक फायदा होतो: ती एका रेषेत नसतील, तर मिलिंग यंत्रावर सरळ करून घेता येतात. हे काम हाताच्या ड्रिलचे नव्हे. दणकट रायफलींसाठी स्क्रूंच्या जोडीला पट्टीखाली रिसीव्हरच्या काठाला टेकणारा खांदा किंवा डॉवेल पिनाही देतात. मग मागे येण्याचा रेटा तो खांदा किंवा त्या पिना घेतात आणि स्क्रूंना फक्त दाबण्याचे काम उरते.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे बंदुकांच्या दुरुस्तीचा आणि फेरफारांचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे रिसीव्हरला भोके पाडण्याचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे लागते. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये मिळवलेले कांस्यपदकही छिद्रातून नेम धरण्याच्या डायऑप्टर साइटवरचे. अशा रायफलींवर आणि बहुतेक एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची कोरीव खाच असते. तिथे पट्टी बाजूने चिमटीत धरली जाते आणि रिसीव्हरमधल्या स्क्रूंचा प्रश्नच उरत नाही.

देखभाल

शेवटच्या आवळणीनंतर स्क्रूच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढतात. रेघ तुटली, तर स्क्रू फिरला. पहिल्या काही फैरींनंतर, आणि पुढे नेम अचानक सरकला की, आधी ही रेघ पाहायची आणि मगच दुर्बिणीला दोष द्यायचा. एकदा पूर्ण ताणलेला, डोक्याची खाच झिजलेला किंवा आटे चमकू लागलेला स्क्रू परत वापरू नये. त्याच मापाचा, त्याच लांबीचा नवा घ्यावा, भोक साफ करावे आणि पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आवळावे.