सौर जलतापक : कोणत्या गावाला कोणती यंत्रणा?

सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणाऱ्या आणि थंड प्रदेशात घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणांचे अनेक प्रकार आज उपलब्ध आहेत. तथापि, बाजारातील सर्वांत स्वस्त अथवा सर्वांत नवी यंत्रणा प्रत्येक घराला मानवेलच असे नाही. गावाचे स्थान, ढगाळ दिवसांचा काळ, पाण्यातील क्षार आणि गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतचे अंतर या चार गोष्टींवर निवड अवलंबून असते. तामिळनाडूतील तिरुविसनल्लूर, महाराष्ट्रातील पुणे आणि लडाखमधील लेह या तीन ठिकाणांची तुलना केल्यास हे स्पष्ट होते.

तीन गावे, तीन गरजा

कुंभकोणमजवळ कावेरीच्या खोऱ्यात वसलेल्या तिरुविसनल्लूरचा मराठी इतिहासाशी जवळचा संबंध आहे. तंजावरचे भोसले राजे शाहजी यांनी १६९३ मध्ये हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्यामुळे ते शाहजीराजपुरम या नावानेही ओळखले जाऊ लागले. येथील शिवयोगिनाथ मंदिराच्या भिंतीवर चोळकालीन समजले जाणारे सूर्यघड्याळ आहे. सूर्यघड्याळाला जी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, तीच सौर जलतापकालाही घ्यावी लागते : सूर्य आकाशात कोठून आणि किती उंचीवरून जातो.

तिरुविसनल्लूर सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. पुणे साडेअठरा अंशांवर, तर लेह ३४ अंशांवर आहे. भारतात उष्णता गोळा करणारे तावदान, म्हणजे संग्राहक, दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. हिवाळ्यात अधिक ऊन मिळावे म्हणून त्याचा कल अक्षांशापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी जास्त ठेवतात. पुण्यात हा कल ३० अंशांच्या आसपास येतो, लेहमध्ये मात्र ५० अंशांच्या जवळ जातो.

गरजही सारखी नसते. शंभर लिटर पाणी ४० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे आहे असे समजू. नळाचे पाणी २७ अंशांचे असेल तर सुमारे दीड युनिट ऊर्जा लागते. पुण्याच्या हिवाळ्यातील २० अंशांच्या पाण्याला सव्वादोन युनिटांहून थोडी अधिक, तर लेहमधील पाच अंशांच्या पाण्याला चार युनिट लागतात.

ढगांचे वेळापत्रकही निराळे आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते, पण गरम पाण्याची खरी गरज असते त्या हिवाळ्यात ते निरभ्र असते. तिरुविसनल्लूरला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. त्यामुळे हवा थंडावते त्याच सुमारास ऊन कमी होते. तेथे मोठ्या यंत्रणेवर खर्च करण्यापेक्षा लहान यंत्रणा आणि ढगाळ दिवसांसाठी पूरक सोय हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

संग्राहकाचे मुख्य प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे काचेच्या झाकणाखाली ठेवलेली काळी टाकी. येथे टाकी आणि संग्राहक एकच असतात. पूर्वी घरोघरी असणाऱ्या तांब्याच्या बंबाप्रमाणेच यातही पाणी साठते तेथेच तापते. खर्च कमी येतो, पण रात्री उष्णता निघून जाते. दुपारी किंवा संध्याकाळी पाणी वापरणाऱ्या उष्ण प्रदेशातील घरांना ही रचना पुरेशी असते.

दुसरा प्रकार सपाट संग्राहकाचा. उष्णतारोधक पेटीत काळा लेप दिलेला धातूचा पत्रा, त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या आणि वर कडक काच अशी त्याची रचना असते. दररोज शंभर लिटर पाण्यासाठी साधारण दोन चौरस मीटर संग्राहक लागतो. तो मजबूत असतो आणि नळातील दाब सहन करतो. भारतीय मानक १२९३३ हे या प्रकारासाठी आहे.

तिसरा प्रकार निर्वात नलिकांचा. काचेच्या दोन नळ्या एकात एक बसवून त्यांमधील हवा काढून घेतलेली असते. थर्मासच्या बाटलीप्रमाणे आत आलेली उष्णता बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे थंड हवेत व अंधूक उन्हातही पाणी चांगले तापते. मात्र नळ्या फुटण्याचा धोका असतो, आणि ज्या रचनेत पाणी थेट नळ्यांत उतरते तिला जास्त दाब चालत नाही.

पाणी कसे फिरते?

लहान घरांत टाकी संग्राहकाच्या वर बसवतात. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि थंड पाणी खाली उतरते. त्यासाठी पंप किंवा वीज लागत नाही. मोठ्या इमारतींत, वसतिगृहांत किंवा रुग्णालयांत टाकी दूर असते. तेथे पंप आणि तापमान पाहून तो चालू-बंद करणारे नियंत्रक बसवावे लागतात.

पाण्याची जात हा दुर्लक्षित पण निर्णायक मुद्दा आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. असे पाणी तापले की त्यातील क्षार घट्ट होऊन नळ्यांच्या आत बसतात. बारीक तांब्याच्या नळ्या काही वर्षांत तुंबतात आणि यंत्रणा निकामी झाल्याचा समज होतो. काचेच्या रुंद नळ्या तुलनेने अधिक काळ तग धरतात, परंतु त्यांच्याही तळाशी गाळ साचतो आणि त्या वेळोवेळी साफ कराव्या लागतात. सपाट संग्राहक हवा असल्यास उष्णता-विनिमयक असलेली यंत्रणा घेणे हिताचे असते. तीत संग्राहकातून वेगळा द्रव फिरतो आणि टाकीतील पाण्याला केवळ उष्णता देतो.

लेहसारख्या ठिकाणी हीच रचना गोठण्यापासून बचाव करते. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि नळ्या फुटतात. म्हणून तेथे गोठणरोधक द्रव वापरला जातो.

घर उबदार ठेवण्यासाठी

पुणे किंवा तिरुविसनल्लूरला घर तापविण्याची आवश्यकता सहसा भासत नाही. लडाखमध्ये मात्र ती जगण्याची गरज आहे. तेथे इंधन महाग असून ते दुरून आणावे लागते. बंद खोलीतील धुरामुळे आरोग्याचे प्रश्नही उद्भवतात. सुदैवाने या शीत वाळवंटात हिवाळ्यातही भरपूर ऊन असते.

यासाठीची सर्वांत स्वस्त पद्धत इमारतीच्या रचनेतच असते. दक्षिणेला मोठ्या काचा, उत्तरेला कमी खिडक्या आणि उष्णता साठविणाऱ्या जाड मातीच्या भिंती ठेवल्यास दिवसाची ऊब रात्रीपर्यंत टिकते. लेहजवळील फे येथे सेकमोल या संस्थेचा परिसर याच तत्त्वावर उभारलेला आहे. दुसऱ्या पद्धतीत काळ्या भिंतीपुढे थोडे अंतर सोडून काच बसवतात. फेलिक्स ट्रॉम्ब आणि जॅक मिशेल यांनी फ्रान्समधील ओदेयो येथे १९६७ मध्ये तिचा प्रसिद्ध प्रयोग केला. ती आजही ट्रॉम्ब भिंत म्हणून ओळखली जाते.

युरोपातील काही घरांत संग्राहकातील गरम पाणी फरशीखालील नळ्यांतून फिरवले जाते. डेन्मार्कमधील सिल्केबोर्ग येथे २०१६ मध्ये पूर्ण झालेला, दीड लाख चौरस मीटरहून अधिक संग्राहकांचा प्रकल्प तर शहराच्या सामायिक तापन व्यवस्थेला उष्णता पुरवण्यासाठी उभारण्यात आला.

गच्चीवर जागा कोणाला?

भारतात सौर जलतापकांना मिळणारे केंद्राचे भांडवली अनुदान २०१४ मध्ये बंद झाले. पुणे महानगरपालिकेने अशी यंत्रणा बसविणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देऊ केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत वीज निर्माण करणाऱ्या सौर पटलांसाठी घरामागे ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. परिणामी एकाच गच्चीवर जलतापक ठेवावा की वीजपटल, असा प्रश्न अनेक गृहनिर्माण संस्थांपुढे आहे.

समान जागेत जलतापक उन्हातील साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने देऊ शकतो, तर वीजपटल सुमारे एक पंचमांश ऊर्जेची वीज करते. परंतु ती वीज कोणत्याही कामाला येते. वर्षभर गरम पाणी लागणाऱ्या कुटुंबासाठी जलतापक किफायतशीर ठरतो. वर्षातून तीनच महिने ते लागत असेल, तर वीजपटलाचा विचार करणे योग्य.

उंच इमारतींत आणखी एक अडचण असते. वीस मिलिमीटर आतील व्यासाच्या तीस मीटर नळात सुमारे नऊ लिटर पाणी मावते. सकाळी गरम पाणी येईपर्यंत खालच्या मजल्यावर तेवढे थंड पाणी वाया जाते. टंचाईग्रस्त शहरात हा अपव्यय लहान नाही. नळावर उष्णतारोधक आवरण घालणे आणि गरम पाणी सतत फिरते ठेवणारी जोडणी करणे हा त्यावरील उपाय आहे.

म्हणूनच यंत्रणा घेण्यापूर्वी पाण्याची जडता तपासणे, दक्षिणेकडे दिवसभर सावली पडत नाही याची खात्री करणे, गरम पाणी नेमके कोणत्या महिन्यांत व किती वाजता लागते याची नोंद करणे आणि नळाची लांबी मोजणे आवश्यक आहे. ही माहिती हाती असल्यास योग्य प्रकार निवडणे कठीण राहत नाही.