माळढोक
माळढोक : ओटिडिडी पक्षिकुलातील एक मोठा भूचर पक्षी. शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स. राजस्थानातील मरुभूमी व दख्खनचे कोरडे गवताळ माळ हे त्याचे मूळ अधिवास होत. नर सु. १ मी. उंच असतो. माथा काळा, मान फिकट व पाठ तपकिरी असून नराच्या छातीवर काळा पट्टा असतो. टोळ, भुंगेरे, सरडे, धान्य व बोरे हे त्याचे खाद्य होय. तो सकाळी व सायंकाळी चरतो आणि दुपारी सावलीत विसावतो. त्यामुळे निरीक्षणास हे दोन प्रहर सोयीचे ठरतात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. म्हणून घटलेली संख्या सहसा भरून निघत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरील वर्धा नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोडा परिसरात, शेतांमधून वावरणाऱ्या माळढोकांच्या नोंदी आहेत. सोलापूरजवळील नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी आहे; परंतु बरेच माळ नांगरले गेले, तर काहींवर ते ‘पडीक’ समजून झाडे लावण्यात आली. उडताना समोरचे कमी दिसत असल्याने हा जड पक्षी वीजवाहक तारांवर आदळून मरतो. २०११ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून त्याचे बंदिस्त प्रजनन सुरू आहे. मात्र वाढविलेली पिले सोडण्यासाठीही विस्तृत, मोकळे माळच लागतात.