हॉलंडच्या सहलीत कॅम्परची वीज

कॅम्पर भाड्याने घेऊन ट्यूलिप पाहायला हॉलंडला जायचे, तर सर्ज प्रोटेक्टर कोणता घ्यावा? रात्री श्वासाचे यंत्र लावून झोपणाऱ्यासाठी हा प्रश्न लहान नाही.

हॉलंडची वीज इस्राएलसारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. यंत्रे तीच चालतात, प्लग तेवढा बदलतो. कॅम्पिंगच्या खांबावर बहुधा तीन गोल पिनांचा निळा सॉकेट असतो.

सर्ज म्हणजे दाबाची क्षणभराची उसळी. जवळपास वीज कोसळली किंवा एखादे मोठे यंत्र बंद झाले की ती येते. प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर जास्तीचा दाब दुसऱ्या तारेत किंवा अर्थिंगकडे वळवतो. म्हणून अर्थिंग तुटलेले असेल, तर त्याचे अर्धे काम बुडाले. शिवाय तो प्रत्येक तडाख्याला झिजतो. तेव्हा तो शाबूत असल्याचे दाखवणारा दिवा असलेलाच घ्यावा. गाडी स्वतःची असेल तर फ्यूजपेटीत टाइप 2 बसवून घ्यावा. भाड्याच्या गाडीत यंत्राजवळ लावायचा टाइप 3 पुरे. भाच्याने अमेरिकेहून पाठवलेला 120 व्होल्टचा मात्र मुळीच लावू नये.

न्यूट्रल तार सुटली, तर दाब 400 व्होल्टकडे चढून तसाच राहू शकतो. तिथे व्हॅरिस्टर जळून जातो. दाब वाढताच जोडणी तोडणारे उपकरण वेगळे मिळते; आमच्या मते पैसे आधी त्यावर खर्चावेत.

आता शब्बाथचे. पुष्कळ ठिकाणी खांबावर 6 अँपिअरच मिळतात, म्हणजे 1380 वॅट. समजा प्लाता 500, हीटर 1000 आणि फ्रिज 150, बेरीज 1650. रात्री ब्रेकर पडला, तर शब्बाथला तो उचलायचा कोणी? कधी कधी खांबाला कुलूपही असते. आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत. घाणा थांबला की त्यांची काळजी मिटे, आपली मात्र तेव्हा सुरू होते! जिवाला धोका असेल तिथे पिक्कुआह नेफेश आहेच, पण बेरीज शुक्रवारी दुपारीच करावी आणि हीटर गॅसवर चालणारा असेल तर तसा लावावा.

केबल रिळावरून पूर्ण उलगडावी, गुंडाळलेली तापते. आधी गाडीला जोडावी, मग खांबाला, काढताना उलट.

डोक्यावर वीज कडाडू लागली, तर कोणत्याही प्रोटेक्टरवर भरवसा नको. शुक्रवारी आभाळ भरून आले असेल, तर मेणबत्त्या पेटवण्याआधीच केबल काढावी आणि श्वासाचे यंत्र त्याच्या बॅटरीवर घ्यावे.